नदीचं मूळ शोधताना : मंगळावरची कोरडी खोरी

पाणलोट (धागाकर्ता)

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. माझी मात्र सगळी नोकरी नदीचं मूळ शोधण्यात गेली. पाटबंधाऱ्याच्या कामात टोपोशीट टेबलावर पसरली की आधी पाणलोटाची हद्द आखायची. पेन्सिल माथ्यामाथ्यावरून फिरवायची, निळ्या रेषांमधली सगळ्यात वरची, सगळ्यात बारीक रेघ कुठे सुरू होते ते बघायचं, आणि मग खालच्या जागी किती पाणी येईल त्याचा हिशोब मांडायचा. नाला कुठून निघाला हे कळलं की त्याला पाणी कोण देतं हे निम्मं कळतं.

निवृत्त झाल्यापासून हेच काम मी मंगळाच्या नकाशावर करतोय. तिथे आज नदी नाही, ओढा नाही. हवेचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे उघड्यावर पाणी टिकतच नाही. पण खोरी आहेत, शेकड्यांनी आहेत. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने लेझरचे साठ कोटींहून जास्त ठोके मारून त्या ग्रहाची उंचसखलता मोजली आणि ते सगळे आकडे लोकांसाठी खुले आहेत. म्हणजे कंटूर, समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढता येतात. कंटूर हातात आले की मी तासन् तास हलत नाही.

थोडं मागचं सांगतो. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि त्याने २२ छायाचित्रं पाठवली. त्यांत चंद्रासारखी विवरंच विवरं. ग्रह पहिल्यापासून कोरडा आणि मेलेला, असाच त्यावरून समज झाला. मग १४ नोव्हेंबर १९७१ ला मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं. पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं ते पहिलं यान. पण तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळाखाली झाकलेला होता, धुळीवर डोकावत होते फक्त चार काळे ठिपके. यान वाट बघत फिरत राहिलं. धूळ खाली बसू लागली तसे ते ठिपके प्रचंड ज्वालामुखींचे माथे निघाले. आणि १९७२ च्या सुरुवातीला दिसू लागल्या घळी. फांद्या फुटलेल्या, वळणं घेत उतरणाऱ्या, एकमेकींना मिळणाऱ्या. मी तेव्हा शाळेत होतो. ही बातमी आमच्या गावात कुणाला कळल्याचं आठवत नाही, मला ती चाळीस वर्षांनी कळली याची हळहळ वाटते.

(गैरसमज नको म्हणून: स्क्यापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये मंगळाच्या नकाशावर काढलेल्या आणि पुढे लॉवेल या दुसऱ्या निरीक्षकाने 'कालवे' ठरवलेल्या रेषांशी या घळींचा संबंध नाही. त्या रेषा नजरेचा भास होत्या. आणि चार हजार किलोमीटर लांबीची ती प्रसिद्ध व्हॅलिस मरिनेरिस दरी मुख्यतः कवच ताणलं जाऊन फाटल्यामुळे झाली. ती नदीचं खोरं नाही.)

आता मुद्दा. मी मंगळावरच्या खोऱ्यांची मुळं बघत गेलो, तर ती एका तऱ्हेची नाहीत.

दक्षिणेच्या डोंगराळ भागात वॉरेगो नावाचं खोरं आहे. त्याचे ओहोळ थेट माथ्याजवळ सुरू होतात, दाट फांद्या, अगदी आपल्या एखाद्या नदीच्या उगमाकडचा नकाशा वाटावा. निरगल मात्र वेगळं. लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास, पण वरच्या बाजूला उपनद्या मोजक्याच, आखूड, आणि प्रत्येकीचं टोक गोल, जणू कुणी वाटीने खरवडलंय. असं टोक दिसलं की मला कड्याच्या पायथ्याशी फुटणारा झरा आठवतो. तिसरं मादिम. सातशे किलोमीटरहून लांब, काही ठिकाणी दोन किलोमीटर खोल, आणि उगमापाशीच जवळपास पूर्ण रुंदीचं! लहान ओहोळ एकत्र येऊन मोठं झालेलं हे खोरं नव्हेच. धरणाचा सांडवा असाच दिसतो. त्याच्या वरच्या अंगाला, दक्षिणेला, खरोखरच एका विशाल तलावाचा खोलगट भाग आहे. आणि चौथं मंगला. ते जमिनीला पडलेल्या एका लांब, सरळ भेगेतून निघतं. भेगेच्या काठाला पाचेक किलोमीटर रुंदीची खिंड आहे, तिथून पुराचा लोंढा बाहेर पडल्याच्या खुणा उत्तरेकडे शेकडो किलोमीटर जातात.

म्हणजे एकाच ग्रहावर पाझर, सांडवा आणि भूगर्भातून फुटलेला लोंढा, हे तीन मला ओळखता येतात. अडतो तो वॉरेगोपाशी. माथ्यावर पाणी आलं कुठून? पाऊस पडत होता का तिथे? जाणकारांनी सांगावं.

---

नक्षत्रवेल

काका, सुंदर धागा. नावांबद्दल थोडी भर घालते.

मंगळावरच्या मोठ्या खोऱ्यांना वेगवेगळ्या भाषांतलं मंगळाचंच नाव देतात. मंगला हे आपल्या संस्कृत 'मंगल'वरून. कासेई जपानी, मादिम हिब्रू, आरेस ग्रीक, निरगल बॅबिलोनी, मावर्थ वेल्श, माजा नेपाळी. लहान खोऱ्यांना पृथ्वीवरच्या नद्यांची नावं असतात, तुमची वॉरेगो ही ऑस्ट्रेलियातली नदी. सिंधू नदीच्या नावाचंही एक खोरं तिथे आहे. इतक्या माणसांनी इतक्या भाषांत त्या तांबड्या ठिपक्याला नाव दिलं आणि ती सगळी नावं आता कोरड्या नद्यांवर जाऊन बसली, हे मला फार आवडतं.

आणि हो, मंगळाच्या उत्तर भागात लोणार नावाचं विवरसुद्धा आहे. आपल्या बुलढाण्याच्या लोणारवरून.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका. घळ दिसली म्हणजे पाणीच वाहिलं असं कशावरून? शुक्रावर बाल्टिस नावाची वाहिनी आहे, तब्बल ६८०० किलोमीटर, आणि तिथे पाण्याचा प्रश्नच येत नाही, ती लाव्हाची मानतात. चंद्रावरही नागमोडी घळी आहेत. शनीच्या टायटन या चंद्रावर २००५ मध्ये हायगेन्स यान उतरलं तेव्हा फांद्यांच्या नद्या दिसल्या, त्या मिथेनच्या. मग मंगळावर पाणीच, हा आग्रह आपल्या इच्छेपोटी आहे का? तिथे पाणी असावं, जीव असावा, असं सगळ्यांनाच वाटतं.

---

कातळ

प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे. ती शास्त्रज्ञांनाही होती आणि काही खोऱ्यांबाबत अजून आहे. मी भूशास्त्र शिकवतो, जमेल तितकं सांगतो.

लाव्हाची वाहिनी आणि नदी यांत पहिला फरक उपनद्यांचा. पाऊस सगळ्या उतारावर पडतो, म्हणून पाणी हजार ठिकाणांहून गोळा होत खाली येतं. लाव्हा एका मुखातून निघतो आणि पुढे जाता जाता थंड होतो, त्यामुळे वाहिनी बहुधा खाली खाली अरुंद आणि उथळ होत जाते. नदी खाली जाताना वाढते. शुक्रावरच्या आणि चंद्रावरच्या वाहिन्यांना वॉरेगोसारखी दाट फांद्यांची जाळी नसते.

दुसरा पुरावा खोऱ्याच्या तोंडाशी मिळतो. वाहतं पाणी साचलेल्या पाण्याला मिळालं की गाळ टाकतं. २००३ साली एबर्सवाल्डे विवरात असा त्रिभुज प्रदेश सापडला. नदीची वळणं, तुटून वेगळी पडलेली वळणं, सगळं त्यात आहे. गंमत म्हणजे तिथे नदीचं पात्र खोलगट नाही, उंचवटा आहे. पात्रातला गाळ घट्ट होऊन दगड झाला आणि आजूबाजूची मऊ माती वाऱ्याने नेली.

तिसरा पुरावा हाताला लागण्यासारखा. क्युरिऑसिटी हे रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यान, २०१२ च्या ऑगस्टमध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरलं आणि काही आठवड्यांतच त्याला गोट्यांचा थर दिसला. वाळूत घट्ट बसलेले, कडा झिजलेले गोटे. वारा एवढे गोटे उचलून घोळवू शकत नाही. लाव्हात गोटे गोल होत नाहीत. त्यांच्या आकारावरून हिशोब निघाला, पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल आणि वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. आपण चालत ओलांडतो तसला ओढा. मी हे वर्गात सांगतो तेव्हा पोरं गप्प होतात.

पण तुमच्या शंकेचं मोल मादिमच्या गोष्टीतून कळतं. मादिमचं तोंड गुसेव विवरात उघडतं. इतकं मोठं खोरं एका विवरात येऊन मिळतंय म्हणजे तिथे तलाव होता, तळाशी गाळ असणार, म्हणून स्पिरिट हे रोव्हर २००४ च्या जानेवारीत तिथे उतरवलं. उतरल्यावर काय दिसलं? चहूकडे लाव्हाचा काळा दगड. गाळ असेलच तर नंतरच्या लाव्हाखाली गाडला गेला होता. पाण्याचे पुरावे स्पिरिटला पुढे कोलंबिया टेकड्यांमध्ये मिळाले, कार्बोनेट मिळालं, आणि २००७ मध्ये बिघडलेलं चाक फरफटत नेताना खालची पांढरी सिलिका उघडी पडली. ज्या तलावासाठी गेले तो मात्र सापडला नाही.

मोठ्या पूरवाहिन्यांच्या बाबतीत, म्हणजे कासेई वगैरे, त्यांतल्या काही अतिशय पातळ लाव्हाने कोरल्या असं मांडणारे अभ्यासक आहेत. अथाबास्का नावाच्या वाहिनीचा तळ तर लाव्हाच्या थराने मढवलेलाच आहे. बहुसंख्यांचा कौल पाण्याकडे आहे. माझाही.

---

प्रश्नचिन्ह

गोट्यांचं पटलं. मनापासून आभार सर. पूरवाहिन्यांवरची शंका राखून ठेवतो.

---

देशांतर

मी गेली बारा वर्षं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो. पूरवाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर इथली हकीकत सांगायलाच हवी, कारण मंगळाची ती खोरी वाचायला माणूस याच जमिनीवर शिकला.

या राज्याचा पूर्व भाग म्हणजे आपल्या दख्खनसारखं काळ्या पाषाणाचं पठार, लाव्हाच्या थरांवर थर. आणि त्या पाषाणात प्रचंड कोरड्या घळी. ड्राय फॉल्स म्हणून जागा आहे. नावाप्रमाणे कोरडा धबधबा. साडेपाच किलोमीटर रुंद, १२० मीटर उंच कडा, खाली डोह, आणि वरून थेंब पडत नाही. पहिल्यांदा त्या काठावर उभा राहिलो तेव्हा मला कोल्हापूरच्या आजोळचा पूर आठवला आणि पाय मागे घ्यावेसे वाटले.

हार्लन ब्रेट्झ नावाचे भूशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात उन्हाळ्यामागून उन्हाळे इथे पायी हिंडले. १९२३ मध्ये त्यांनी मांडलं की हा सगळा प्रदेश एका अकस्मात महापुराने कोरला. त्या काळी भूशास्त्राचा दंडक असा होता की डोंगरदऱ्या हळूहळू, लाखो वर्षांत घडतात. प्रलयाची भाषा म्हणजे पुराणकथेकडे परत जाणं. १९२७ मध्ये वॉशिंग्टन शहरात विद्वानांच्या सभेत त्यांना एकामागून एक विरोध झाला. सगळ्यात अडचणीचा प्रश्न साधा होता. इतकं पाणी आणलं कुठून?

उत्तर जोसेफ पार्डी यांच्याकडे होतं. हिमयुगात बर्फाच्या जिभेने एक नदी अडवली होती आणि मागे मिसूला नावाचा तलाव तुंबला होता, दोन हजार घन किलोमीटरहून जास्त पाण्याचा. बर्फाचा बांध फुटला की सगळं पाणी सुटायचं. पुन्हा बर्फ सरकायचा, पुन्हा तुंबायचं, पुन्हा फुटायचं, असं कितीतरी वेळा झालं. पार्डींनी तलावाच्या तळावर वाळूच्या लाटा दाखवल्या, आपण ओढ्याकाठी बोटभर उंचीच्या बघतो तशाच, पण कित्येक मीटर उंच.

मग मरिनर ९ ची छायाचित्रं आली. व्हिक्टर बेकर यांच्यासारख्या तरुण अभ्यासकांनी ती इथल्या घळींशेजारी ठेवली. तीच मासोळीच्या आकाराची बेटं, तेच खरवडलेले तळ. ब्रेट्झना १९७९ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्र संघटनेचं पेनरोज पदक मिळालं. वय नव्वदीच्या पुढे. पाथफाइंडर यान १९९७ मध्ये मंगळावरच्या आरेस खोऱ्याच्या तोंडाशी उतरलं, त्याआधी त्या चमूतली माणसं इथे येऊन दगड बघून गेली होती.

---

पाणलोट

देशांतर, वाचताना अंगावर काटा आला. इथल्या मंडळींसाठी हिशोब करून टाकतो. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, म्हणजे सव्वातीन घन किलोमीटरच्या थोडं वर. मिसूला तलावात सहाशेहून जास्त उजनी मावतात. आणि ते सगळं काही दिवसांत रिकामं.

सांडव्यावर सबंध आयुष्यात मी पाण्याला एवढंच घाबरलो आहे की ते एकदा काठावरून निघालं की आपलाच काठ खातं आणि जितका खातं तितकं जास्त निघतं. मंगळावर विवरांतले तलाव असेच फुटले असणार.

---

भरती_ओहोटी

काका, अगदी तसंच झालंय. मी जलविज्ञानात संशोधन करते. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. मंगळावरच्या खोऱ्यांतून जितकी माती-दगड खणून निघाली त्यातला किमान २४ टक्के वाटा विवरांतले तलाव फुटून झालेल्या पुरांचा निघाला, आणि त्या घळींची लांबी एकूण लांबीच्या सुमारे ३ टक्केच आहे. म्हणजे थोड्या घळी, थोडा वेळ, आणि एवढं खणकाम.

निरगलबद्दल मात्र तुमच्याशी थोडी असहमत आहे. गोल टोक म्हणजे झरा, हे पूर्वी सर्रास मानत. पण आयडाहोतल्या बॉक्स कॅन्यनचा अभ्यास झाला. काळ्या पाषाणातली घळ, टोक गोल, आणि आज त्या टोकाशी मोठा झरा वाहतोय. सगळे म्हणत झऱ्यानेच कोरली. जवळून बघितल्यावर काठावर पुराने घासल्याच्या खुणा आणि खाली झऱ्याच्या पाण्याला कधीच हलणार नाहीत असे धोंडे सापडले. घळ प्राचीन महापुराने कोरली होती, झरा नंतरचा भाडेकरू. कठीण, भेगाळ पाषाणात धबधबा मागे सरकत गेला तरी गोल टोक तयार होतं. म्हणून नुसत्या टोकावरून झऱ्याचा निवाडा देऊ नये.

---

पाणलोट

हे मला ठाऊक नव्हतं. झऱ्याशेजारची घळ झऱ्याचीच, असं मीही कितीदा गृहीत धरलं असेल. वरचं विधान मागे घेतो. निरगलचं मूळ झऱ्याचं 'असू शकतं' असं वाचावं.

आता वॉरेगो?

---

भरती_ओहोटी

वॉरेगोवर खरी लढाई आहे. सविस्तर लिहिते.

या जाळीदार खोऱ्यांचं वय मुख्यतः ३८० ते ३६० कोटी वर्षांच्या दरम्यानचं. (आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा.) तेव्हा सूर्यच मंद होता, आजच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास. मंगळ सूर्यापासून आपल्यापेक्षा दीडपट लांब. हवामानाची गणितं मांडली की नुसत्या कार्बन डायऑक्साइडच्या दाट हवेनेही सरासरी तापमान गोठणबिंदूच्या वर येत नाही. म्हणून एक गट म्हणतो, पाऊसबिऊस नव्हता. दक्षिणेच्या उंच भागावर बर्फाची चादर होती, ती अधूनमधून वितळायची. २०२० मध्ये तर दहा हजारांहून जास्त घळींचे तुकडे मोजून दाखवलं की त्यांतल्या बऱ्याचशा बर्फाच्या थराखालून वाहणाऱ्या पाण्याने कोरलेल्या घळींशी जुळतात, कॅनडाच्या उत्तरेला डेव्हन बेटावर आहेत तशा. काही घळी मात्र नद्यांशीच जुळल्या, हेही त्याच अभ्यासात आहे.

दुसरा गट म्हणतो, घळींच्या संगमांचे कोन बघा. जिथे पाणी जमिनीत मुरून पाझरत झिरपत येतं तिथे दोन ओहोळ मोठ्या कोनात मिळतात, सुमारे ७२ अंशांच्या. जिथे पावसाचं पाणी जमिनीवरून धावतं, कोरड्या प्रदेशात वर्षातून चार दणकेबाज सरी येतात, तिथे कोन लहान असतात. मंगळावरचे कोन लहान निघाले, अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या मुलखासारखे. हे २०१८ चं काम.

आणि आता तुमचा प्रश्न. काका, तुम्ही पेन्सिलीने जे करताय नेमकं तेच कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाने संगणकावर केलं, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी नकली मंगळ घेतला. एकदा त्यावर पाऊस किंवा बर्फ पाडला, एकदा बर्फाच्या चादरीची कड वितळवली, आणि दोन्ही वेळा घळींची मुळं कुठे पडतात ते बघितलं. चादर वितळली तर मुळं एका ठराविक उंचीच्या पट्ट्यात, चादरीच्या कडेला, दाटीने येतात. आकाशातून पाणी पडलं तर मुळं सगळ्या उंच्यांवर विखुरतात. खऱ्या मंगळावर ती विखुरलेली आहेत.

यात पाऊस की हिमवर्षाव हे सुटत नाही. पण आकाशातून काहीतरी पडत होतं, याकडे माझा कल आहे. थंड ग्रहावर अधूनमधून उबदार काळ आले असावेत. तो उबारा आणला कशाने, हायड्रोजनने, ज्वालामुखींनी की उल्कापातांनी, यावर आमच्या गटात दर आठवड्याला वाद होतात.

---

विदर्भकन्या

मी लोणारजवळची. वर लोणारचं नाव आलं म्हणून लिहिते. आमचं सरोवर म्हणजे काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी याच पाषाणाचा, म्हणून मंगळाचे अभ्यासक इथले दगड नेऊन तपासतात.

तुमच्या घळी आणि गाळाच्या पंख्यांच्या गोष्टी वाचताना मला आमची धार आठवली. विवराच्या ईशान्य काठावर धारेचा झरा आहे, देऊळ आहे, बारमाही पाणी. त्या बाजूला काठ चिरत घळ खाली उतरते आणि तळाशी गाळ पंख्यासारखा पसरलाय. विवराचा बाकी काठ सलग, फक्त तिथे खाच. लहानपणापासून तिथून खाली उतरतेय, पण मंगळावरच्या विवरांत असंच काही असेल हे मनात आलं नव्हतं. कातळ सर, हे साम्य खरं आहे ना?

---

कातळ

अगदी खरं. काठाची खाच, घळ आणि तिच्या तोंडाशी पंखा, हा सगळा क्रम गेल विवरातही आहे. तिथल्या घळीचं नाव पीस. आकार फार वेगळे, लोणार दोन किलोमीटरच्या आत आणि गेल दीडशेच्या वर. पण काळ्या पाषाणातल्या विवराच्या काठाला पाणी कसं कापतं हे पायांनी चालत बघायचं तर लोणारसारखी जागा जगात क्वचित सापडेल. ती जपली पाहिजे, तुमच्यासाठी आणि आमच्यासाठीही.

---

शाळामास्तर

माझ्या सातवीच्या वर्गात हा धागा मोठ्याने वाचला. एका मुलीचा प्रश्न: "मग ते पाणी गेलं कुठे?" सोपं करून सांगाल का?

---

नक्षत्रवेल

तिला सांगा, काही वर गेलं आणि काही खाली.

मंगळाचं चुंबकीय कवच फार लवकर विझलं. त्यानंतर सूर्याकडून येणारा कणांचा वारा त्याची हवा हळूहळू नेत राहिला. पाण्याची वाफ वर जाते, तिथे फुटते, हलका हायड्रोजन निसटतो आणि जड भाऊ, ड्युटेरियम, तुलनेने मागे राहतो. मंगळाच्या हवेत हा जड भाऊ पृथ्वीच्या मानाने पाचेक पट आहे, त्यावरून किती निसटलं याचा अंदाज लागतो. आपल्या मंगळयानावर हेच प्रमाण मोजण्यासाठी एक उपकरण होतं. ते २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळावर पोचलं, आणि हवा कशी निसटते हे बघणारं मेव्हेन त्याच आठवड्यात.

काही पाणी खडकांच्या खनिजांत बांधलं गेलं. काही ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फ होऊन आहे. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने नोंदवलेल्या भूकंपलहरींवरून २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की ११.५ ते २० किलोमीटर खोलीवर भेगाळ खडकांत अजून द्रव पाणी असू शकेल. 'असू शकेल' हे मुलांना ठळक सांगा.

---

देशांतर

जेझेरोचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पर्सिव्हिअरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर जिथे उतरलं ते विवर. बोस्नियातल्या एका गावाचं नाव, आणि तिकडच्या भाषांत जेझेरो म्हणजे तलाव. त्याला पाणी आणणारं खोरं नेरेत्वा, हीही बोस्नियातली नदी. याच नेरेत्वाच्या पात्रात इन्जेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर ७२ उड्डाणांनंतर २०२४ च्या जानेवारीत पंख मोडून कायमचं थांबलं.

आणि त्याच खोऱ्याच्या काठी, २०२४ च्या जुलैत, चेयावा फॉल्स नाव दिलेला दगड सापडला. तांबूस दगडावर फिकट ठिपके, भोवती काळी कडा, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं आहेत जी पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या खटपटीतून होतात, पण जीवाशिवायही होऊ शकतात. नमुना नळीत बंद करून ठेवलाय. तो पृथ्वीवर आणून बघितल्याशिवाय पुढे कुणी बोलू शकत नाही, आणि आणायचा कधी हे ठरलेलं नाही. मला त्याची रोज आठवण येते.

---

प्रश्नचिन्ह

चेयावाबद्दल 'जीवाशिवायही होऊ शकतात' हे लिहिलंत, बरं वाटलं. बातम्यांत हे वाक्य गाळतात.

---

पाणलोट

सगळ्यांचे आभार. भरती_ओहोटी, तुमचा प्रतिसाद वाचून मी जुना ट्रेसिंग पेपर काढला. चार रात्री बसून वॉरेगोच्या प्रत्येक ओहोळाच्या मुळाशी तांबड्या पेन्सिलीने टिंब दिलं आणि शेजारी उंची लिहिली. टिंबं एका कंटूरला धरून बसत नाहीत. काही माथ्याला टेकलेली, काही मध्यावर, काही पार खाली. एवढ्याशा नमुन्यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण माझ्या नोकरीत असा नकाशा समोर आला असता तर त्या पाणलोटात पर्जन्यमापक कुठे बसवायचा, एवढंच मी विचारलं असतं.

ट्रेसिंग स्कॅन करून उद्या टाकतो, शाळामास्तरांना वर्गात लावता येईल. आता मादिमचा सांडवा घेतोय.

विदर्भकन्या ताई, दसऱ्यानंतर लोणारला यायचं म्हणतोय. धारेच्या घळीचं मूळ बघायचं आहे.

---

विदर्भकन्या

या काका. दसऱ्यापेक्षा जरा आधी आलात तर बरं, पाऊस ताजा असेल आणि घळीत पाणी धावताना दिसेल. उतरायच्या वाटेवर दगड निसरडे असतात, काठी आणा. गावातून सकाळी सातला निघू, म्हणजे ऊन चढायच्या आत तळाशी पोचतो.